लिनची किल्ली

१२ जानेवारी २०२१, बेस्ट (नेदरलँड्स)

इन्ट्रूड, एन्क्रोच, ट्रेसपास, इम्पोज — इंग्रजीच्या ऑनलाइन वर्गात आज ही क्रियापदं घेतली आणि घाम फुटला! माझ्या तिघी चिनी विद्यार्थिनी. त्यांच्याकडे म्हणे सगळ्याला एकच शब्द — 'दाराओ'. कुणाच्या घरात शिरताना तोच, निघतानाही तोच. मग त्यातली लिन लिहिते, 'सूपबद्दल आभार, मी तुमच्यावर ट्रेसपास केलं.' खालच्याच मजल्यावर एकटी राहते पोर. सूप मीच नेऊन दिलं होतं! हसून हसून पुरेवाट.

एन्क्रोच म्हणजे हळूहळू जागा बळकावणं. उदाहरण शोधायला लांब जायला नको. यतीनच्या वर्क फ्रॉम होमने आमचं जेवणाचं टेबल कधीच गिळलंय. नवरा झाला म्हणून काय झालं!

१६ जानेवारी

इन्ट्रूडला माझीच गाडी अडली. लहानपणी शेजारच्या सुचित्राकाकू 'काय गं, भाजी काय केलीस?' म्हणत थेट ओट्यापर्यंत यायच्या. त्याला काय म्हणायचं? इथे तर कॉफीलासुद्धा अपॉइंटमेंट लागते. शेवटी ठणकावून सांगितलं — न बोलावता कुणाच्यात शिरणं म्हणजे इन्ट्रूड. आपला त्रास दुसऱ्यावर लादणं म्हणजे इम्पोज. लिनने मन लावून लिहून घेतलं.

२१ जानेवारी

लिनचा कॅमेरा बंद. सारखी खोकत होती. काही आणून देऊ का विचारलं तर म्हणते, 'हाउसआर्ट्स डॉक्टरांनी पॅरासिटमॉल सांगितलंय. आय डोन्ट वॉन्ट टु इम्पोज, टीचर.' वाक्य बिनचूक! मी शाबासकी दिली.

२३ जानेवारी, शनिवार

खिचडीचा डबा तिच्या दाराशी ठेवला. बेल वाजवली, वर आले. आज रात्रीपासून कोरोनामुळे कर्फ्यू. कशात लक्ष लागत नाही.

२४ जानेवारी

डबा तिथेच. मेसेजला उत्तर नाही. बेल वाजवली — शांतता. सुट्टीत झाडांना पाणी घालायला दिलेली तिची किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

यतीन म्हणतो, 'झोपली असेल गं. न विचारता दुसऱ्याचं घर कसं उघडायचं? इथे असं चालत नाही.' खरंय. मीच तर शिकवते! किल्ली घेऊन अर्धा जिना उतरले, परत आले. पुन्हा उतरले. परत आले. भित्री आहे मी, दुसरं काय!

२५ जानेवारी

उघडलं! डबा अजून दाराशी दिसला आणि कुणालाही न विचारता किल्ली फिरवली. लिन बाथरूमच्या दारात पडलेली, ओठ निळसर. हाक मारली तर डोळे किलकिले केले. ॲम्ब्युलन्स येऊन घेऊन गेली.

२ फेब्रुवारी

हॉस्पिटलातून लिनचा फोन. वाचली! आवाज अगदी बारीक. म्हणाली, 'शनिवारी बेल ऐकली होती, टीचर. तेव्हा हाक मारता आली असती. पण ते इम्पोज झालं असतं, म्हणून गप्प राहिले.'

मग तिनेच विचारलं, 'बरोबर होतं ना?'