लाल नको, निळा नको

३ जून
बैलांच्या महोत्सवाच्या अंकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे. आमच्या संगीत मासिकाच्या संपादिका झुलेइदबाई म्हणाल्या, एवाल्दो, अंक दोन्ही बाजूंना खपला तर मानाउस शहरातल्या मुख्य ऑफिसात कलाविभागाचा प्रमुख तू. नाहीतर शब्दकोड्याचं पान आहेच.
काळजी नाही. आमचं अख्खं पारिन्तिन्स गाव अर्धं लाल, अर्धं निळं. प्रत्येक बाजूचा महोत्सवात नाचवायचा आपला बैल, आपली गाणी, आपले ढोल. मी जन्माने लाल, बायको इरासिल्दा निळ्या घरातली. माझ्याइतका तटस्थ माणूस गावात दुसरा नाही.

५ जून
रंग हे शास्त्र आहे, भावना नाही. मुखपृष्ठावरच्या गायिकेच्या फोटोमागे मावळतीचा नारिंगी टाकला. इरासिल्दा म्हणाली, हा लाल आहे. मी म्हटलं, स्क्रीनचा ब्राइटनेस वाढलाय. ती म्हणाली, फाइलचं नाव तूच 'लाल फायनल' ठेवलंयस.
सवयीने टाइप झालं असेल.

८ जून
जांभळा. लाल-निळा समसमान. दोन्हीकडच्या ढोलवाल्यांना दाखवला. लाल म्हणाले, यात निळा घुसलाय. निळे म्हणाले, आमचा निळा बाटवला. कधी नव्हे ते दोघांचं एकमत झालं. श्रेय मला कुणी दिलं नाही.

१० जून
हिरवा. झुलेइदबाईंनी विचारलं, मासिक संगीताचं की पालेभाज्यांचं?
बाईंना शास्त्र कळत नाही.

११ जून, पहाटे
सापडलं. पांढरा! कोरा, शुद्ध पांढरा, त्यावर राखाडी अक्षरं. रंगच नाही तर भांडण कशाचं? इरासिल्दाने बराच वेळ पाहिलं. नक्की का, म्हणाली. मी म्हटलं, नक्की. मग मी काही बोलत नाही, म्हणाली.
बायको निरुत्तर झाली. नोंद करून ठेवतो.

१८ जून
अंक बाजारात. लाल भागात दुपारीच संपला. लोकांनी मुखपृष्ठं दारांवर चिकटवलीत. तटस्थपणाची एवढी कदर होईल असं वाटलं नव्हतं. निळ्या भागातली बातमी यायचीय. बॅग माळ्यावरून काढून ठेवली.

१९ जून
निळ्या भागातले गठ्ठे दोरीही न सोडता परत. सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, जावईबापू, तुमचा बैल कुठल्या रंगाचा? मी म्हटलं, पांढराशुभ्र, कपाळावर लाल बदाम. आणि आमचा, त्यांनी विचारलं. काळा, म्हटलं.
ते म्हणाले, मग मुखपृष्ठावर बदाम तेवढा रंगवायचा राहिला.
इरासिल्दाला विचारलं, आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, पांढरा हा रंग आहे हेच तुला पटत नव्हतं.
खरंच वाटलं नव्हतं. फार वाईट वाटतंय.

२१ जून
मानाउस रद्द. बॅग माळ्यावर. सासऱ्यांनी भाजलेला तांबाकी मासा पाठवला, निळ्या डब्यात. मुकाट्याने खाल्ला.
शब्दकोड्याचं पान तसं वाईट नाही. काही चौकोन काळे, काही पांढरे. दोन्ही बाजूंना न्याय.
जेवणानंतर मोजून पाहिले. पांढरे जास्त भरले.
इरासिल्दाला सांगितलेलं नाही.