मागची अर्धी शेड

ता. ३ नोव्हेंबर

चि. ठकीस,
मामाचे अ. उ. आ.

फोनवर तू 'बघते हं मामा' म्हणून सुटतेस, म्हणून कागद घेतला. आमच्या कारखान्यासाठी तू आखलेल्या नव्या शेडने माझी मती गुंग केली आहे. जन्मभर मी इमारत खालून वर वाढताना पाहिली. आधी सळया, मग फळ्या, मग काँक्रीट, मग मुकादमाशी भांडण. तुझी इमारत मात्र ट्रेलरवर आडवी पडून येते! खांब तयार, तुळया तयार, भिंतीला खिडकीचं भोकसुद्धा तिकडेच साच्यात पाडून आणलेलं. एक दिवस रजेवर काय राहिलो, परत आलो तर मोकळ्या जमिनीवर खांबांची रांग. फाटक चुकलो की काय वाटून मागे वळलो, तर वॉचमनला हसू आवरेना.

क्रेनला इशारे देणारा जोडणीचा मुकादम तर बघण्यासारखा आहे. त्याला सगळे शिट्टीच म्हणतात. त्याने शिट्टी फुंकली की हत्तीएवढी तुळई मुकाट्याने वर जाते. घरीही असंच चालतं का, असं मी विचारलं, तर म्हणाला की घरी शिट्टी बायकोकडे असते.

आता मुद्द्याचं. मशिनं ताडपत्रीखाली येऊन पडली आहेत. मागच्या अर्ध्या शेडच्या तुळया चढल्यात, पण तुझ्या ऑफिसचं म्हणणं, त्यांच्याखाली अजून कुणी जायचं नाही. एवढं टनावारी वजन वर बसलंय, ते काय वाऱ्याने उडणार आहे? नवं बांधकाम माझ्याकडे, म्हणून मालक माझ्या मानगुटीवर बसलेत. डिझाइन तुझं आहे, तूच एक शब्द टाक.

मामी विचारते, वेळेवर जेवतेस की नकाशेच चावतेस? तिच्यासाठी तरी दोन ओळी जास्त लिही, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
मामा


ता. ८ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून टेबलाशी एकटीच हसत बसले होते. समोर आमचे साहेब. त्यांना वाटलं, पोरीला काम झेपेनासं झालं.

पण मामा, तो शब्द मी टाकणार नाही. जागेवर ओतलेल्या काँक्रीटमध्ये खांब आणि तुळई एकजीव होतात. आपले मात्र वेगवेगळ्या साच्यांत जन्मलेले. त्यांना बांधल्याशिवाय ते एकमेकांचे होत नाहीत. तुळईच्या टोकाला भोक आहे. त्यातून सळई खाली खांबात उतरवायची आणि भोवती ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला, भरायचा. तो कडक झाला की जोड झाला. पुढच्या अर्ध्या शेडमध्ये हे झालंय. मागे तुळया खांबांवर नुसत्या टेकल्यात. वजन त्यांना खाली दाबतं हे खरं, पण बाजूला सरकायला ते मज्जाव करत नाही.

अजून थोडे दिवस कळ काढ. मालकांना सांग, भाची हट्टी आहे, लहानपणी लाडावून ठेवली. मामीला सांग, जेवते. तुम्हा दोघांचा हात डोक्यावर राहू दे.

तुझी
ठकी


ता. २१ नोव्हेंबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. फोनवर सांगितलं ते अर्धंच होतं, मामी शेजारी उभी होती.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मी पुढच्या भागात वायरमनशी बोलत होतो. आधी वाटलं, बाहेर एखादा अवजड ट्रक आलाय. मग जमीनच पायाखालून ओढल्यासारखी झाली. ठके, एवढाले खांब डोलताना मी पाहिले. पुढच्या तुळया खांबांबरोबर गेल्या आणि खांबांबरोबर परत आल्या. मागच्या गेल्या नाहीत. खांब त्यांच्याखालून निघून गेले. एक क्षण त्या तशाच अधांतरी राहिल्यासारख्या वाटल्या, आणि मग एकीमागून एक खाली आल्या. त्यानंतर नुसती धूळ. त्या धुळीत मी 'शिट्टी, शिट्टी' म्हणून ओरडत होतो, आणि मला त्याचं खरं नाव माहीत नव्हतं.

शिट्टी गेला. मशिनांचे पाये आखायला त्याच्याबरोबर दोन फिटर होते. एकाचा पाय कापावा लागला, दुसरा डोळे उघडतो पण बोलत नाही.

आता जे तुला माहीत नाही ते. तुझं पत्र आल्यावर मी तुला वगळून तुझ्या साहेबांना फोन केला. हलकंसलकं काम असेल तर उरका, असं ते म्हणाले. शिट्टी कां-कूं करत होता. वरून परवानगी आलीय असं सांगून मीच त्याला आत पाठवला.

मालक आणि तुझे साहेब यांचं ठरलंय की शिट्टीने स्वतःच्या घाईने माणसं आत नेली, असं चौकशीत सांगायचं. गेलेला माणूस काही परत येत नाही. त्याच्या बायकोचं कंपनी बघेल म्हणतात. तुलाही बोलावतील. विचारतील तेवढ्यालाच उत्तर दे. माझी नोकरी आता थोडकी उरली आहे, म्हातारपणी तोंड काळं व्हायला नको.

पोरी, मामाला सांभाळून घे.

मामा


ता. २४ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दर वेळी वाटत होतं की शेवटचा भाग माझ्या नजरेने चुकीचा वाचला असेल.

भूकंपाची बातमी आली तेव्हा तू जिवंत आहेस हे कळेपर्यंत मी जिन्यात बसून होते. तू वाचलास म्हणून ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. साहेबांनी मला पाणी आणून दिलं. त्याच माणसाने फोनवर हो म्हटलं होतं, आणि पाण्याचा पेला पुढे करताना त्यांचा हातसुद्धा हलला नाही. पण त्यांचं नवल किती करू? मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडायचं, हे तुझ्या अक्षरात वाचावं लागलं. तुझ्या, मामा!

आईबाबांमागे तुम्ही मला घरी आणलंत. सायकलमागे धावताना तुझी चप्पल तुटली तरी तू सीट सोडली नव्हतीस. ते सगळं डोळ्यांपुढे ठेवूनच हे लिहितेय. मी चौकशीत सगळं सांगणार आहे. माझा नकार, साहेबांचा होकार, आणि तुझं नाव. शिट्टीच्या बायकोने जन्मभर, नवऱ्याच्याच चुकीने दोन माणसं आयुष्यातून उठली, असं ऐकत राहावं, हे मला जमणार नाही. तिथे सर्वांसमोर तुला अचानक ऐकावं लागू नये, म्हणून आधी कळवतेय.

रागाव. पण मला परकी म्हणू नकोस.

ठकी


ता. २ डिसेंबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

हे पत्र मामीचं आहे. ह्यांच्याने लिहवत नाही.

तुझं पत्र ह्यांनी दारात उभ्यानेच वाचलं, माझ्या हातात दिलं आणि चप्पल न काढता आत जाऊन बसले. फोनचं, शिट्टीला आत पाठवल्याचं, मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला तो माझ्या शेजारी जेवत होता, झोपत होता, आणि पोटात हे घेऊन! मग तुझा राग आला. ज्या हातांनी तुझ्या वेण्या घातल्या त्या हातांनी तुला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. असलं काही लिहून कळवतात का? येऊन समोर बसून सांगायचं होतंस. नोटीस पाठवल्यासारखं पत्र!

चौकशीला हे सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. आधी मालक बोलले, मग तुझे साहेब. दोघांनीही शिट्टीचंच नाव घेतलं. ह्यांची पाळी आली तेव्हा विचारलं गेलं की त्या माणसांना आत कुणी धाडलं. हे म्हणाले, मी. मागे बसलेली शिट्टीची बायको उठून उभी राहिली, म्हणे, आणि पुन्हा खाली बसली. नंतर तू आत जाताना व्हरांड्यात ह्यांच्या शेजारून गेलीस. ह्यांना वर बघवलं नाही. तू मामाला टाळलंस की मामाने तुला, ते तुम्ही दोघं बघा.

नोकरी गेली. पोलीस दोनदा येऊन गेले, पुढे काय होईल ते वकीलही धड सांगत नाही. हे रोज दवाखान्यात जातात. पाय गेलेला फिटर ह्यांना पाहून भिंतीकडे तोंड करतो. तरी हे थोडा वेळ बाकावर बसतात आणि परत येतात. जाऊ नका म्हटलं तर ऐकत नाहीत.

काल अंगणात बसले असताना आपणहून बोलले. म्हणाले, ठकीने पत्र लिहिलं नसतं तर मी तिथे काय बोललो असतो, हे मला आता कधीच कळणार नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते मलाही माहीत नाही.

राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. तरी रविवारी ये. मायेचं वेगळं काय लिहू, ती रागासकट आहे.

मामी