खुर्चीखालचं पान

भिंगार,
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय राजरत्न,

तुझं पत्र पोचलं. डेन्मार्कच्या खुर्चीचा पाय हलायला लागलाय, पुण्यातल्या एकाही सुताराला तो परदेशी सांधा जमेना, तर आबांना हत्यारं घेऊन रविवारी पाठव, असं लिहिलंयस. वा रे वा! दिवाळीला बापाची आठवण झाली नाही, खुर्ची हलली तशी झाली.

आणि काय ते तुझं खुर्चीपुराण! मुंबईच्या जुन्या बाजारातून चार खुर्च्या उचलून आणल्यास आणि नव्या फ्लॅटच्या जेवणाला, माझ्या नि आबांच्या देखत, पाहुण्यांना तासभर पिडलंस. अठ्ठावन्न सालचा अस्सल युरोपी माल, हाताच्या टेकूचा बाक बघा, आपल्या लोकांना असली नजरच नाही! तुझे साहेबलोक माना डोलवत होते. ज्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही, तो लाकडावर प्रवचन देतोय, मला तर किळस आली.

त्यात आबा दमून त्यातल्या एकीवर टेकायला गेले, तर तू धावलास. आबा, ती नाजूक आहे, तुम्ही आपले खाली सतरंजीवर बसा, तुम्हाला सवयच आहे. सवय? अरे निर्लज्जा, आपले आजोबा गावात चावडीसमोर धुळीत बसायचे, म्हणून तर आबा खुर्च्या करायला शिकले. छप्पनला दीक्षा घेतली आणि ठरवलं, आपल्या दारी येईल त्याला खुर्ची. पोस्टमन येवो की भंगारवाला, आपल्या घरात कुणाला कधी खाली बसवलं नाही. हे सगळं तू बरा विसरलास.

आबा मुकाट खाली बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि आबा मात्र खुर्चीकडे वर बघून गालात हसत होते. परतताना एसटीत विचारलं, तर म्हणाले, काय न्हाई गं, वळखीचं कुनीतरी दिसलं.

काल तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा बोलले. साठ-एकसष्टच्या सुमाराला छावणीतल्या एका साहेबाच्या बाईंनी परदेशातून एक खुर्ची आणली होती. तिच्याबरहुकूम आबांनी चार करून दिल्या. साहेबांची बदली झाली, खुर्च्या गेल्या. आबा आपल्या प्रत्येक खुर्चीच्या बैठकीच्या खालच्या अंगाला, कोपऱ्यात, पिंपळाचं पान कोरतात. उभ्या माणसाला ते दिसत नाही. खाली बसवलेल्याला दिसतं.

मी म्हटलं, जाऊ नका. पण ते सकाळपासून पटाशीला धार लावतायत. माझा सांधा सुटला तर लाज मलाच, म्हणतात. तुला यातलं काही सांगू नको, पोराचा हिरमोड व्हईल, असंही बजावलंय. तुझ्या हिरमोडाची मला काडीची पर्वा नाही, म्हणून हे पत्र त्यांच्या आधी धाडतेय. रविवारच्या आत त्या सतरंजीवर बस आणि वर बघ. मीही बरोबर येतेय, तू त्यांना कुठं बसवतोस ते बघायला.

अजून तरी तुझीच,
विशाखाताई