ढालीवरचं धान

बाबा,

लिहिण्यात चुका असतील, समजून घेजो. शाळा नववीतच सुटली, अन् मोबाईलवर एक-एक अक्षर शोधत टाइप करून राहिली, म्हणून वेळ बी लागते.

चर्चच्या भिंतीवर तू जुन्या बिशपची निशाणी, ती ढाल, काढली होती ना, ती मिटवून नव्या बिशपची काढायचं काम मलेच भेटलं. गोंदियात तू रंगवलेल्या साऱ्या पाट्यायच्या जागी कधीचे फ्लेक्स लागले. तुह्या हातचं तेवढंच उरलं होतं. मी फादरले हळूच म्हटलं, राहू द्या न. ते म्हणाले, "बेटी, ढाल एका माणसाची असते. बिशप बदलले का ती बी बदलते. वरची हिरवी टोपी अन् गोंडे ठेव, ते साऱ्या बिशपायचे सारखेच."

ते गोंडे काढताना तू म्हणत होता, हे तर नवरदेवाच्या मुंडावळ्या. मी लहान होती, तरी आठवते. खाली ढालीत नमुन्यावर गहू होता, अन् तू काढून राहिला धान, भारानं वाकलेलं. आपल्याकडं दुसरं काय पिकते? तेव्हाचे फादर चिडले, येशूची भाकर गव्हाची असते म्हणून. मंग जुने बिशप सोता आले, बराच वेळ पाहत राहिले, अन् म्हणाले, "राहू द्या. इथले लोक भातच तर खातात." घरी येऊन तू आईले तेच ते सांगत होता, जेवण थंड झालं तरी.

नव्या ढालीत तारा आहे, दिवा आहे, अन् पुन्हा गहूच. फादर म्हणाले, "बापासारखं करू नको." मी मान हलवली. माहं तोंड कुठं उघडते, तुले माहीत आहे. गहू काढला, सरळ उभा, कुसळायसकट. बरोबर आला. पण पाह्यलं का वाटते, जसं मीच तुले चूक ठरवलं.

येत्या रविवारी नवे बिशप येऊन राहिले. हे पाठवू कुठं, तू गेल्यावर तुहा नंबर आता कोण्या भलत्याच माणसाकडं आहे. एक सांगते. फादरनं जुन्या ढालीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारायले लावले होते. मी एकच मारला. सकाळच्या उन्हात तिरपं पाह्यलं का गव्हामागं तुहं धान दिसते, वाकलेलं. बिशपले दिसलं तर काय सांगीन, माहीत नाही.

काल आपली म्हैस व्याली. पारडी आहे.