बाहेर हवा नाही

२ नोव्हेंबर

सत्यानाश! दोन वर्षं 'राखग्रह' पिक्चरच्या दुसऱ्या भागाची वाट पाहिली. आज नयनने कथेचे कागद हातात दिले, तर त्यात माझा पार भुगा केलेला. मी — सम्राट भस्मराज! पहिल्या भागात नुसता हेल्मेट घालून मातीच्या डोंगरावर उभा राहिलो, तर राजूरची पोरं रडली होती. वणीला टपरीवर अजून लोक उठून जागा देतात. "या भस्मराज, च्या घ्या!" इतकी वर्षं खाणीत डंपर चालवतोय, देवसिंग म्हणून कोणी कधी जागा दिली नव्हती.

आणि दुसऱ्या भागात हा भस्मराज करतो काय? खुर्चीत बसून ओरडतो. बस्स.

कथा लिहिली आहे आमच्याच खुशीने. पोटची पोर! पहिला भाग नयनने लिहिला होता. लिहिला म्हणजे — माझे संवाद त्याने लिहिलेच नव्हते. म्हणाला होता, "काका, घरी चिडल्यावर बोलता ना, तसंच बोला. फक्त घर आलं की ग्रह म्हना." एका दमात बोललो. "या ग्रहावर माझ्या हुकमाबिगर धूळ बी उडनार नाही!" काय टाळ्या पडल्या होत्या! नयन एरवी लग्नाचे व्हिडिओ काढतो, पण त्याला माणसाची पारख आहे.

४ नोव्हेंबर

कागद पुन्हा वाचले. भोकंच भोकं. चाळणी बरी!

पहिल्या भागात माझं सैन्य होतं, ताडपत्रीचे अंगरखे घातलेलं. दुसऱ्यात एक शिपाई नाही. कुठं गेले? युद्ध नाही, रोगराई नाही. खुशीला विचारलं. मेथी निवडता निवडता म्हणाली, "गेले कंटाळून. अमरदादा नाही का गेला पुण्याले, तसेच."

आमच्या थोरल्याचा, अमरचा इथं काय संबंध? तो नोकरीसाठी गेला. फोन करत नाही, ते कामामुळे.

पण सगळ्यात मोठं भोक शेवटी आहे. पहिल्या भागात राणी माझ्या यानात कैद असते. पळू शकत नाही, कारण बाहेर हवाच नाही. हे मी स्वतः दरडावून सांगतो — "बाहेर पाय टाकशील तर दोन घटका जगनार नाही तू!" केवढा तो प्रसंग! आणि आता ती उठते, दाराची कडी काढते आणि चालू लागते. तोंडावर मुखवटा नाही, पाठीवर हवेची टाकी नाही. (टाकी म्हणजे फवारणीचा पंप, चंदेरी रंग मारलेला. तो तरी अडकवायचा!) आणि मरत नाही! भस्मराज नुसता पाहतो. ना तलवार, ना आग. असा कुठं खलनायक असतो? त्यापेक्षा बुजगावणं बरं, त्याला पाखरं तरी भितात.

आणि एवढं सोपं होतं, तर पहिल्याच भागात का नाही गेली?

५ नोव्हेंबर

जेवताना खुशीला धारेवर धरलं. बाहेर हवा नाही, तर राणी जगते कशी?

"हवा नाही असं कोन म्हनलं होतं, बाबा?"

"पिक्चरमधीच हाय!"

"पिक्चरमधी भस्मराज म्हनला होता. दुसऱ्या कोनी पाह्यलं होतं काय बाहेर जाऊन?"

बबिता मला पोळी वाढत होती. तिचा हात थांबला. हसली बहुतेक. म्हटलं, बायकोला नवऱ्याच्या कामातलं काय समजतं, वाढ गुपचूप.

उत्तर सुचलं नाही म्हणून चिडलो, असं नाही. घरात शिस्त लागते.

८ नोव्हेंबर

नयनकडे जाऊन आलो. म्हटलं, मला निदान मारा तरी! यान उडवा. दिवाळीचे सुतळी बॉम्ब उरलेत, मी आणतो. तर म्हणे, "काका, तुम्ही खुर्चीत बसून हुकूम देऊन राह्यले अन् आयकाले कोनीच नाही. खुशी म्हनते, शेवट तोच ठेवाचा. भारी हाय!"

भारी म्हणे. स्वतः बसून बघ म्हणावं.

११ नोव्हेंबर

राणीचं काम करणारी चंद्रपूरची मुलगी ऐन वेळी नाही म्हणाली. खुशी म्हणते, आई करेल. बबिता! जिला मी वणीच्या बाजारात कधी एकटीला पाठवलं नाही. परवा बचत गटात जाते म्हणत होती, तेव्हाच समजावलं — बाहेर तुला कुत्रं विचारत नाही, माझ्याशिवाय दोन दिवस टिकणार नाहीस. आणि आता ही राणी!

पण एका अर्थी बरंच झालं. शेवटचं भोक मी स्वतःच बुजवतो. शूटिंगला तिने कडीला हात लावला की गर्जना करायची. मी ओरडलो की बबिता थांबतेच, सवय आहे. ती थांबली की शेवट बदलावाच लागेल. कोणाला सांगितलेलं नाही.

१६ नोव्हेंबर

शूटिंग. खाणीजवळचा तोच जुना मातीचा डोंगर. यान म्हणजे भंगारातला कंटेनर. बबिता चंदेरी साडीत अवघडून उभी.

तिने कडीला हात लावला आणि मी गरजलो — "थांब!" थांबली. हात कडीवर तसाच. मला काय आनंद झाला! खुशी तिच्याजवळ गेली. नुसता तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला. नयन म्हणाला, "पुन्हा घेऊ."

पुन्हा ओरडलो. घसा फाटेस्तोवर. या वेळी तिने वळून पाहिलं — भस्मराजकडे नाही, माझ्याकडे — आणि कडी काढली. उतारावरून खाली गेली. नयन 'कट, कट' करतोय, ही चालतेच आहे! पार डांबरी रस्त्यापर्यंत. खुशी धावत जाऊन घेऊन आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हेल्मेट काढलं, आत घामाच्या धारा. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

वाटेत बबिताला म्हटलं, कट म्हटल्यावर थांबायचं असतं, एवढं कळत नाही? म्हणाली, "आयकू नाही आलं."

३० नोव्हेंबर

वणीला मंगल कार्यालयात पडदा लावून पिक्चर दाखवला. राणी बाहेर येऊन पहिला श्वास घेते, तिथं बायका उभ्याच राहिल्या. शिट्ट्या! बचत गटाच्या बायका शिट्ट्या मारतात! आणि मी रिकाम्या यानात हुकूम सोडतो, तिथं हशा. येताना टपरीवर कोणी उठलं नाही. एक जण म्हणाला, "काय भस्मराज, हवा हाय का?"

घरी आल्यावर ताट भिरकावलं. कोणाच्या अंगावर नाही, भिंतीवर. वरणाचा ओघळ आला. बबिताने पुसला नाही. असं कधी झालं नव्हतं.

१ डिसेंबर

बबिता गेली. खुशीही.

खाणीतल्या पाळीवर जायला खुर्चीत बसून बूट घालत होतो. ती पिशवी घेऊन समोर आली. "मी जाऊन राह्यली." एवढंच. मी पाहत राहिलो. एक बूट पायात, एक हातात. जाताना दारही ओढून घेतलं नाही तिने.

३ डिसेंबर

येईल. जाईल कुठं!

भिंतीवरचा डाग मीच पुसायला घेतला. निघत नाही.

९ डिसेंबर

वणीच्या बाजारात बबिता दिसली. एकटी. मी कांद्याच्या पोत्यांमागे सरलो. भीती वाटली — तिने पाहिलं तर काय बोलायचं, हे कोणी लिहून दिलेलं नाही. भाजीवालीशी हसून भाव करत होती. मग कोथिंबिरीची जुडी उचलली, नाकाशी नेली आणि छाती भरून श्वास घेतला.