सतरावी पायरी

भोर
मंगळवार, ता. ११ डिसेंबर १९३४

चि. कुंडलिकास रखमाजीचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा खोकला गेला. पुण्याला छापखान्याच्या जिन्यावर माझा पाय मुरगळला, घोटा सुजून टम्म झालाय, जमिनीला टेकवत नाही. नाहीतर पत्र न लिहिता मीच पालीला आलो असतो. शेजारच्या गेनूला धाडतोय. उद्या दिवस मावळायच्या आत पोचतो म्हणतो.

'पाताळझरा'ची दुसरी आवृत्ती छापायला घेतली आहे. पहिलीत चोवीस चुका राहिल्या होत्या, त्या मी स्वतः बसून काढल्या. कव्हरावर या खेपेला दोन रंग. जत्राजत्रांतून खांद्यावर गठ्ठा वाहून विकली तेव्हा लोक हसायचे, चौथी नापासाची कादंबरी म्हणून. आता मागून नेतात.

गेनू उंबऱ्यात बसलाय. "चिठ्ठी लिवताय का कादंबरी?" म्हणतो. बरोबर आहे त्याचं.

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. माझ्या पुस्तकाला 'खोट्याची दुकानदारी' म्हणालास आणि तिथून आपलं बोलणं तुटलं. आता तूच लिहितोस, 'दादा, म्या चुकलो. कड्यातल्या भुयारात अकरा पायऱ्या उतरून बगितलं. तोंड दोन हात, पयला वळसा डावीकडं, अकराव्या पायरीला चीर. समदं तुमी लिवलंय तसंच. नागकन्या ऱ्हाऊ द्या तुमच्या पुस्तकात, पर चाळिसाव्या पायरीचा झरा घावला तर उन्हाळ्यात बायांची पायपीट वाचंल. गुरवारी भिमाला संगं घिऊन तळापतुर उतरतो.'

झरा नाही, कुंडलिक. म्हणजे असेल-नसेल, मला माहीत नाही. मी सतराव्या पायरीच्या पुढे गेलोच नाही.

मोजणीच्या साहेबाकडे सहा वर्षं साखळी ओढली मी, बोटभर माप चुकवत नाही. सतरापर्यंतचं सगळं खरं आहे. सतराव्या पायरीवर कंदिलाची वात निळी झाली, बारीक झाली, गेली. वारा नव्हता. काडी ओढली, धरली नाही. दुसरी, तिसरी. मग कानात घूं व्हायला लागलं आणि पायांतलं बळ गेलं. वर कसा आलो सांगता येत नाही. नखं फुटली होती एवढं आठवतं. दिवस कलेपर्यंत गवतात पडून ओकत होतो. घरी सांगितलं, ऊन लागलं.

पुस्तकात मात्र लिहिलं, 'अठराव्या पायरीवर हवा गार झाली.' नायकाला पुढे न्यायचं होतं. आणि प्रस्तावनेत छापलं की सर्व मापे लेखकाने स्वतः घेतली आहेत.

अजून आहे. तुझं पत्र शनिवारी आलं. गुरुवारची ओळ मी शनिवारीच वाचली. पण आधी काय केलं, तर 'समदं तुमी लिवलंय तसंच' हे वाक्य उतरवून जाहिरातीच्या पानासाठी छापखान्याकडे पाठवलं, तुझ्या नावासकट. शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. स्वतःला म्हटलं, कुंडलिक शहाणा आहे, वात गेली की फिरेल माघारी. मी किती मुश्किलीने फिरलो ते ठाऊक असून.

आज सकाळी वहिनी चूल पेटवत होती. काड्या दमट. एक ओढली, धरली नाही. दुसरी, तिसरी. चौथी मी तिला ओढू दिली नाही. तशीच तिला गेनूकडे पिटाळली.

तोंडी निरोपाला तू हसशील. छापलेल्यावर तू विश्वास ठेवलास, म्हणून लिहून देतोय, आणि प्रस्तावनेचं पान फाडून, त्यावर काट मारून सोबत जोडतोय. भिमालाही वाचून दाखव. दोर कितीही बळकट असू दे, उतरू नका. भुयाराच्या तोंडात बोरीच्या काट्या घाला.

पुन्हा दोन वर्षं बोलू नकोस, चालेल. पण गेनूच्या हाती दोन ओळी दे, तुझ्या अक्षरातल्या. शिवी लिही हवं तर. शुक्रवारी दिवसभर मी दारात बसून आहे.

सतराव्या पायरीवरून माघारी आलेला,
तुझा दादा
रखमाजी