खंडेनवमीची आरती

डोणगाव,
६ मार्च १९६७

प्रिय कोकिळा,

अक्षर वाकडं दिसेल. उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत, म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे. तू मेहकरहून पाठवलेलं करंजाचं तेल पोचलं. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, ‘आमच्या बाबाले वाचवताना काकूचा हात भाजला, हे मी जन्मभर विसरनार नाही.’ चिठ्ठी चार वेळा वाचली. तेलाला मात्र हात लावला नाही.

आमचा जिनिंगचा कारखाना बंदच आहे. डिझेल मिळेना तेव्हा तुझ्या अनंतकाकांनी ती लोखंडी भट्टी बांधली, आठवतं? पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, आत कोंडून अर्धवट जाळायच्या, निघालेल्या गॅसवर इंजिन चालवायचं आणि इंजिनाच्या गरम पाण्यावर ओला कापूस वाळवायचा. गाव हसलं. तुळशीराम हमाल म्हणायचा, “अनंतराव पऱ्हाटीचं दूध काढून राह्यले.” भट्टीचा स्वभाव कळला तो इंजिन सांभाळणाऱ्या एकट्या तुझ्या बाबांना. पत्र्याला कान लावून ते सांगायचे, “आता भुकेली हाय.”

खंडेनवमीला हत्यारांबरोबर भट्टीचीही पूजा करायची, हा हट्ट माझा. सकाळी इंजिन थांबवलं. आतला गॅस निघून जावा म्हणून तुझ्या बाबांनी वरचं झाकण उघडं ठेवलं. तसंच ठेवायचं असतं. तुळशीराम हार घेऊन उभा होता, कापूस वेचणारी जनकाबाई नारळ घेऊन. पुढचं तू फक्त ऐकलं आहेस. आधी एक निळी जीभ दिसली, मग दणका. झाकण बिजागरीसकट उडालं आणि जनकाबाईच्या छातीत बसलं. तिच्या हातातला नारळ तसाच राहिला. तुळशीरामवर निखारे सांडले. पेटलेल्या धोतराने तो अंगणभर धावला आणि धावता धावताच त्याचं ओरडणं थांबलं.

“झाकन उघडं कोनं ठेवलं बे?” कुणीतरी विचारलं. तुझे बाबा म्हणाले, “म्या.” तेवढंच. तुळशीरामचा भाऊ इंद्रभान पहार घेऊन आला. पहिला घाव खांद्यावर. हाड मोडलं ते मी ऐकलं, वाळली पऱ्हाटी मोडावी तसं. दुसरा डोळ्यावर. ते पडल्यावरही लाथा थांबल्या नाहीत, आणि लाथा मारणारी माणसं रोज त्यांच्याच शेजारी भाकर सोडणारी होती. फौजदार आला म्हणून ते वाचले. मी त्यांना जाळातून ओढलं, मग मारातही मध्ये पडले असं गाव म्हणतं. मी ओढलं नाही आणि मध्येही पडले नाही, कोकिळा. मी ओट्यावर उभी होते, हात पदरात गुंडाळून.

हात त्याआधीच भाजला होता. मी आरतीचं ताट घेऊन निघाले तेव्हा तुझे बाबा आडवे आले होते. “वहिनी, घंटाभर थांबा. आत गॅस हाय, दिवा आनू नका.” मुहूर्त टळत होता. मी हसले, देवाच्या दिव्याला कसली भीती म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने हात लांबवून झाकणापाशी ओवाळलं. मार खाताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं असतं तर ती पहार माझ्याकडे वळली असती. त्यांनी घेतलं नाही. फौजदारापुढेही नाही, आणि वाटतं, तुझ्यापाशीही नाही.

दोन जीव घेतल्याचा खटला त्यांच्यावर आहे आणि येत्या गुरुवारी मेहकरच्या कोर्टात माझी साक्ष. काय बोलायचं ते तुझ्या काकांनी पढवलं आहे: झाकण उघडं होतं, दुसरं काही दिसलं नाही. माझं नाव निघालं तर भट्टी पुन्हा पेटणार नाही, असं त्यांना वाटतं. मी खरं बोलायचं ठरवलं आहे. पण ओट्यावर उभी राहिलेली बाई मला चांगली ठाऊक आहे, तिचा भरवसा नाही. म्हणून हे पत्र. अक्षर माझं नव्हे असं कुणी म्हणू नये, यासाठी खाली अंगठाही उठवते. गुरुवारी माझ्या समोरच्या बाकावर बस. मी अडखळले तर वाट पाहू नकोस, हे बाबांच्या वकिलांच्या हातात दे. तेलाची बाटली परत पाठवते आहे. बाबांच्या खांद्याला लाव.

तू काकू म्हणत होतीस ती, तुझीच
शैलजा